एकोडीची बेबीबाई आणि शिडीवाला फ्रेंच

एकोडीत जेवढी माणसं राहतात, तेवढी सगळी बेबीबाईच्या गळ्यातही राहतात. ग्रामसेवक बोलायच्या आधी दोनदा खाकरतो आणि दुसऱ्या खाकरण्यात चष्मा वर करतो. साकोलीच्या बसचा कंडक्टर ‘मांगं सरका’ म्हणताना ‘सरका’वर अगदी आडवा होतो. सोसायटीतला बाबू ‘उद्या या’ असं काही म्हणतो, की उद्या नावाचा दिवस असतो यावरचाच विश्वास उडावा. हे सगळे बेबीबाईनं जपून ठेवलेत. भाताच्या रोवणीच्या दिवसांत वीसेक बाया चिखलात ओणव्या असतात, कंबरा बोलायला लागलेल्या असतात, आणि मधेच बेबीबाई कंडक्टर होते. "चाला, मांगं सरकाऽऽ!" वीस बाया हसत हसत एक पाऊल मागं सरकतात. रोवणी मागं सरकतच करायची असते, त्यामुळे शेतमालकही खूश.

वय चोपन्न. नवरा धनीराम इतका कमी बोलतो की त्याची नक्कल अजून तिला जमलेली नाही. "त्याची नक्कल कराची म्हनजे गप बसा लागते," ती म्हणते, "अन् ते मले येत नाही."

पण एक गोष्ट बेबीबाईनं एकवीस वर्षं केली नव्हती. विहिणीवर गाणं म्हटलं नव्हतं.

इकडे बिहावाच्या पंगतीत नवरदेवाची आई जेवायला बसली, की मुलीकडच्या बायांनी तिच्यावर गाणं म्हणायचं अशी रीत आहे. विहीण किती खाते, कशी डुलत चालते, लुगडं कोणाचं मागून आणलं, असं काहीही. विहिणीनं वरून रुसल्यासारखं करायचं आणि आतून फुलून जायचं. गाणं झालं नाही, तर तीच विहीण आपल्या गावात जाऊन सांगते, "आमाले तेथी कोनं विचारलंसुदा नाही."

एकवीस वर्षांपूर्वी बेबीबाईची धाकटी बहीण चंदा अड्याळला दिली. पंगत बसली, बेबीबाई रंगात आली आणि तिनं विहिणीवर गाणं धरलं, की विहिणीनं लाडू चोरले, पदराच्या गाठीत बांधले. शंभर बिहावांत शंभर विहिणींवर म्हटलेलं गाणं. पण ही विहीण उठली आणि तिच्या पदराची गाठ खरंच सुटली. तीन लाडू घरंगळत पंगतीच्या मधोमध आले. घरी तिची जाऊ अंथरुणाला खिळलेली होती, तिच्यासाठी बांधून घेतले होते बिचारीनं. मांडव हसला. विहीण रडली आणि अर्ध्या पानावरून उठून गेली. त्यानंतर दोन दिवाळ्या चंदाला माहेरी पाठवलं नाही. दोन्ही वेळा गावातच राहणारा भाऊ योगेंद्र घ्यायला गेला आणि रिकाम्या हातानं परत आला. दोन्ही वेळा बेबीबाई दारात उभी होती.

तेव्हापासून बेबीबाई बिहावात जायची, पुऱ्या लाटायची, नकला करायची. विहीण जेवायला बसली, की मागच्या अंगणात भांडी घासायला निघून जायची.

आता योगेंद्रच्या मोठ्या पोरीचं, स्वातीचं, बिहाव ठरलं. मुलगा दिघोरीचा, मनिष. मुलगा चांगला, घर चांगलं, धानाची शेती, सगळं चांगलं. फक्त मुलाची आई विजयमालाबाई हसत नव्हती. पस्तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई, पाठ अशी ताठ की मागं फळा असावा. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी योगेंद्रनं तीन विनोद सांगितले, तिन्ही वाया गेले. बेबीबाईनं कंडक्टर केला. सगळं घर लोळलं, अगदी मनिषसुद्धा. विजयमालाबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि तोंडासमोर रुमाल धरला, जशी काही दुर्गंधी आली.

आणि पंधरा दिवसांनी त्यांचा योगेंद्रला फोन आला. "डीजे नको. मले गानी पाहिजेत, बायांची. तुमच्या घरी गानारी बाई आहे असं आयकलं."

योगेंद्रनं फोन ठेवला आणि बहिणीकडे आला. "ताई, आता तुलेच म्हना लागते."

"माह्यानं होत नाही."

"त्यायनं नाव घेऊन सांगतलं नं पन."

"मंग सांगून दे, मेली म्हनून."

पण रात्रंदिवस डोक्यात तेच. नाही गायलं तर विहीण म्हणणार, मुद्दाम मागितलं तरी दिलं नाही. गायलं आणि कुठं टोचलं, तर स्वातीच्या दिवाळ्या कोण मोजणार? स्वाती तिच्या मांडीवर वाढलेली पोट्टी. बेबीबाईची भूक कमी झाली, आणि बेबीबाईची भूक कमी होणं ही एकोडीत बातमीच होती.

अशात स्वातीची धाकटी बहीण रुचिका नागपूरहून सुट्टीला आली. अकरावीला तिनं फ्रेंच घेतलं होतं, मार्क चांगले पडतात म्हणून. तिच्या मॅडमनं सुट्टीत वीस फ्रेंच गाणी ऐकायला सांगितली होती, कान तयार व्हावा म्हणून. सकाळी सकाळी अंगणात बाजा टाकून बिहावाच्या शेवया सुरू होत्या. बेबीबाई, शेजारची रुखमिणी आणि रुचिका. रुचिकानं मोबाईल बाजेच्या पायाशी टेकवला आणि गाणं लावलं.

रुखमिणी साठीची, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर तळ्यातली बदकं उडावी. तिनं दोन मिनिटं ऐकलं. "हा गाऊन राहिला का गुळन्या करून राहिला वो?"

"ते फ्रेंच आहे, मावशी. त्यांचा र घशातून येतो."

"अन् हे शब्द अर्धेच काहून?"

"शेवटची अक्षरं खातात ते."

"खाऊ दे," बेबीबाई म्हणाली. "बिहावाचं घर आहे."

पण हात शेवयांवर असले तरी तिचा कान मोबाईलकडे वळला होता. गाणारा बाप्या गात कमी आणि बोलत जास्त होता. ओट्यावर बसून शेजाऱ्याला काही सांगावं तसा. त्याच्या मागं एक पेटी वाजत होती. रुचिकानं सांगितलं, ती पेटी गळ्यात अडकवून छातीवर ओढतात. बाप्या पुढं चालत होता आणि पेटी त्याच्या मागं मागं, जशी चावट मेहुणी. तो काही बोलला, की पेटी बारीक आवाजात कुईं करायची. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी बाप्या थांबायचा. एक श्वास. मग शेवटचे दोनतीन शब्द अगदी साधे, खाली नजर घालून म्हटल्यासारखे.

बेबीबाईला हसू आलं.

"आत्या, तुम्हाला समजलं?"

"काहीच नाही. पन हा कोनाची तरी उडवून राहिला."

"कशावरून?"

"आवाजावरून. मानूस उडवते नं कोनाची, तवा गळा चप्पल काढून चालते. पाह्य, पाह्य, आता थांबते... थांबला! आयक." पेटी कुईं वाजली. "कोनाची उडवून राहिला तेवढं सांग."

रुचिकानं वही काढली. तिनं भाषांतर केलं होतं, मॅडमना द्यायला. ते तिनं वाचून दाखवलं: एक बुटका मनुष्य आहे. तो एका मुलीवर प्रेम करतो. इतर प्रेमिक उंच आहेत. त्याच्यापाशी शिडी आहे.

"हे गानं आहे का दाखला?" बेबीबाई म्हणाली. "अशानं त्याची पेटी पन रडन. तोंडानं सांग."

मग रुचिकानं तोंडानं सांगितलं, आणि गाणं उलगडलं. पोरगी माडीवर राहते. तिच्या मागं तिघं. एक उंच, एक पैसेवाला, एकाच्या मिशा देखण्या. बुटका म्हणतो, माझ्याकडे काय आहे? श्वास. शिडी आहे. पहिल्या रात्री तो शिडी लावतो, पोरगी वरून खिडकी लावते. दुसऱ्या रात्री शिडी लावतो, पोरीचा बाप खाली येतो, शिडीची तारीफ करतो. तिसऱ्या रात्री शिडी लावतो आणि पोरगी खरंच खाली उतरते. एकेक पायरी. तो खाली उभा राहून शिडी घट्ट धरतो, तिचा पाय घसरू नये म्हणून. ती उतरते, त्याचे आभार मानते आणि मिशावाल्याच्या गाडीत बसून जाते. आता तो सगळ्या गावाला सांगतो, शिडी चांगली आहे हो. श्वास. हलत नाही.

रुखमिणीनं शेवयांचं पीठ तसंच हातात धरलं होतं. "मेला, शिडी धरून उभा राह्यला!" आणि ती अशी हसली की बाज करकरली. बेबीबाईनं मात्र मोबाईलकडे बोट केलं.

"अजून लाव," ती म्हणाली.

तीन दिवस शेवया झाल्या, पापड झाले, आणि तीन दिवस फ्रेंच गाणी झाली. एक बाई होती, दाट, जरा फाटलेल्या आवाजाची. नवरा सोडून गेला, तर जाताना काय काय नेलं ते ती सांगते. दिवा नेला, मांजर नेली, धारेची सुरी नेली. रडारड नाही, किराण्याची यादी वाचावी तसं. आणि शेवटी म्हणते, पाच मिनिटं तरी परत ये रे. पेटी हुंदका देते. श्वास. मुरंब्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही.

हे बेबीबाईनं चारदा लावायला लावलं. चौथ्या वेळी डोळे पुसत म्हणाली, "झाकनाचं म्हंते खरं, पन आवाज पाह्य. झाकनाचं नाहीच वो ते. हासवते अन् हासता हासता आत हात घालते."

एक कोवळी पोरगी होती, ती प्रेमाचं गाणं बसचं वेळापत्रक सांगितल्यासारखं म्हणायची.

"हिले झोप आली आहे का?"

"नाही आत्या, प्रेमात आहे ती."

"मंग एवढी कंटाळलेली काहून?"

"त्यांच्यात तसंच म्हणतात."

"बराबर आहे," बेबीबाई म्हणाली. "लय आनंद दाखवला की पोट्टे भाव खातात." आणि तिनं ती पोरगी जशीच्या तशी करून दाखवली. एकाही शब्दाचा अर्थ माहीत नाही, पण तो मुरका, ती अर्धी गिळलेली अक्षरं, तो घशातला र, तो ‘जाऊ दे, माझं काय अडलंय’ असा सुस्कारा! रुचिका तोंडात बोट घालून बघत राहिली. वर्षभर क्लास लावून तिला तो र आला नव्हता.

पापड वाळत घालताना बेबीबाई स्वतःशीच बोलली. "ह्या लोकायची एक गोष्ट पाहून राहिली मी. आपन गानं म्हनतो तवा दुसऱ्याले विहीन करतो. हे लोक सोताच विहीन होऊन बसतात. फजिती आपली, हासनं सगळ्यायचं. मंग कोनाचं दुखन?"

रुखमिणीला असल्या विचारात रस नव्हता. तिच्याकडे गाणं तयार होतं. "ते राहू दे. विजयमालाबाई तोंड उघडत नाही नं? मंग आपन म्हनू, बैलबजारातल्यावानी." आणि तिनं ताल धरला:

"विहीन आमची दोन दाती का चार दाती वो,
उघडा तोंड, मोजू द्या, पाहू बाजारी वो!"

बैल घेताना दात मोजून वय काढतात, तसं. अंगणातल्या बाया खिदळल्या. गाणं खरंच चपखल होतं. असं गाणं हातात असताना न म्हणणं म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठणं.

"ठरलं," रुखमिणी म्हणाली. "सुरुवात तू कर, आमी झेलतो."

बेबीबाई वाळलेले पापड उलटत राहिली.

बिहावाचा दिवस उजाडला. सकाळी दहाला दिघोरीच्या वऱ्हाडाची बस आली. योगेंद्र पुढं धावला. नवी पॅन्ट, नवा शर्ट, डोक्याला फेटा. विहिणीच्या पाया पडायला वाकला, आणि मागून टर्र असा आवाज आला. तो सरळ झाला तो मांडवालगतच्या भिंतीला पाठ लावूनच, आणि तिथून हलेना. कोणी बोलावलं, की मान हलवून ‘येतो, येतो’ म्हणायचा, आणि जागेवरच.

बेबीबाईनं पाण्याचा गडवा विहिणीच्या हातात दिला. विजयमालाबाईंनी तो तोंडाला लावला, मान वर केली, दोन घोट घेतल्यासारखं केलं, गडवा परत दिला आणि गंभीर आवाजात म्हणाल्या, "बस. पुरे झालं."

गडवा घेऊन बेबीबाई आत आली आणि थिजली. गडव्यात पाणीच नव्हतं. घाबरल्या घाबरल्या तिनं रिकामा गडवा दिला होता.

"माय वो, मेली मी!" ती मटकन खाली बसली. इतक्यात तिच्या कानानं तो आवाज पुन्हा ऐकला. ‘बस. पुरे झालं.’ त्या शब्दांच्या आधी एक श्वास होता. आणि शब्द खाली नजर घालून, अगदी साधे. ती रुचिकाच्या दंडाला धरून म्हणाली, "पोट्टे, ती रागावली नाही. गळा चप्पल काढून चालत होता तिचा. ही बाई तुह्या त्या शिडीवाल्याच्या घरची आहे!"

"नक्की ना, आत्या?"

"कान म्हंते नक्की. पोट म्हंते नाही."

बारा वाजता अक्षता पडल्या. एकला पंगत बसली. विजयमालाबाई बायांच्या रांगेत मधोमध, पाठ ताठ, ओठ मिटलेले, रुमाल मांडीवर. भात वाढला, वरण वाढलं, वांग्याची भाजी, जिलेबी. मुलीकडच्या बाया समोर गोळा झाल्या. चंदा अड्याळहून आली होती, ती खांबाजवळ उभी होती. स्वाती नव्या शालूत नवऱ्याशेजारी बसली होती आणि आत्याकडे बघत होती. मांडवात कुजबुज थांबली.

रुखमिणीनं कोपर मारलं. "घे नं, बेबे. दोन दाती."

बेबीबाईचे पाय मागच्या अंगणाकडे निघायला बघत होते. तिनं त्यांना थांबवलं. मग रुखमिणीनं दिलेला ताल तिनं सोडून दिला, आवाज खाली आणला, हात बांधले आणि बोलल्यासारखं सुरू केलं. ओट्यावर बसून शेजारणीला सांगावं तसं:

"माह्या भावानं बिहावासाठी नवी पॅन्ट शिवली,
विहिनीच्या पाया पडाले कंबर त्यानं लववली,
तवापासून पाहा त्याले, कोनाशी बोलत नाही,
भिंतीले पाठ लावून उभा..."

एक श्वास. पूर्ण मांडवानं भिंतीकडे मान वळवली. योगेंद्र भिंतीला अजून चिकटला.

"...हलत नाही."

मांडव फुटला. दिघोरीकडचे, एकोडीकडचे, वाढपी, सगळे. योगेंद्र ओरडला, "ताई!", पण भिंत सोडून येऊ शकला नाही, त्यामुळे अजूनच हशा. रुखमिणी कानात फुसफुसली, "अवो, आपल्यालेच काय मारून राहिली? विहिनीले मार नं!" बेबीबाईनं ऐकलं नाही. हसू ओसरायची वाट पाहिली आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता पुढं धरलं:

"आत्या म्हंते नवरीची, मले कोनाचा धाक?
चार गावच्या बायात माहं वरतं असते नाक,
विहीनबाई दारी आली, मी गडवा हाती देल्ला,
तिनं तोंडी लावून पाह्यला अन्... तसाच परत केल्ला.
पानी भराचं राह्यलं बाई, धाकच एवढा झाला!"

बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. पण बेबीबाई एकाच चेहऱ्याकडे बघत होती. विजयमालाबाईंचे ओठ मिटलेले. मान खाली. खांदे हलायला लागले. रुमाल तोंडावर गेला. खांदे जोरात हलले, आणि मग त्या एकदम थांबल्या, दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि डोळे मोठे झाले.

मांडव चूप झाला. बेबीबाईनं बांधलेले हात सोडले. झालं. काही तरी टोचलं. काय ते कळलं नव्हतं, पण टोचलं. तिला खांबाजवळची चंदा दिसली, शालूतली स्वाती दिसली.

विजयमालाबाईंनी रुमालात तोंड खुपसलं, काही तरी काढलं, रुमालाची घडी घातली, मांडीवर ठेवली. मग मान वर केली आणि हसल्या. पूर्ण तोंड उघडून, एकही दात नसलेलं, गोल, लहान लेकराचं असतं तसं हसू. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि तसंच, बोबड्या तोंडानं, हात बांधून, बेबीबाईच्याच चालीवर त्यांनी सुरू केलं:

"लेकाच्या बिहावासाठी मी नवे दात बसवले,
तीन महिने तोंड मिटून सारे लोक फसवले,
लोकं म्हनत विहीन करडी, जशी बसली दिल्ली,
करडी कायची वो बाई..."

श्वास! बेबीबाईनं तो श्वास ऐकला. अगदी जागेवर होता.

"...कवळी आहे ढिल्ली!"

असा हशा एकोडीनं कधी ऐकला नसेल. मनिषनं कपाळावर हात मारला, "आई, अवो आई!" स्वाती शालूत तोंड लपवून हसत होती. आणि रुखमिणी? तिनं आपल्याच तोंडावर हात दाबून धरला होता. तिच्या तोंडात अजून ‘दोन दाती का चार दाती’ होतं.

"बेबे," ती कुजबुजली, "म्हनलं असतं तर वो?"

"चूप," बेबीबाई म्हणाली. "आयुष्यात कोनाले सांगू नको."

विजयमालाबाईंनी पानाकडे बोट दाखवलं. "वाढा वो पोरींनो. भात वाढा, वरन जास्त. जिलेबी आता चावाले येत नाही, ती भिजवून द्या." त्यांनी पानावरचं सगळं संपवलं, परत मागून घेतलं. खाता खाता बेबीबाईला जवळ बसवलं. "माहं बिहाव सामूहिक झालं होतं. साठ जोडपी, एक मंडप, चार पुढाऱ्यायची भाषनं. माह्या सासूवर कोनं गानं म्हटलं नाही. तिले मरेपर्यंत ते लागून होतं, अन् मले पन. म्हनून मागतलं मी तुमाले. पन असं गानं कोठून आनलं? ही आपल्याकडची चाल नाही."

"फ्रेंच आहे, विहीनबाई."

"हां," विजयमालाबाई म्हणाल्या, जसं काही पवनीच्या बाजारातून आणलं असं सांगितलं होतं. "भल्ले लोक आहेत मंग ते."

पंगत उठल्यावर चंदानं बहिणीला गाठलं. "ताई, एकवीस वर्षं तू गात नोतीस, आमाले वाटलं तुले गर्व आला."

"गर्व? अवो, तुह्या दोन दिवाळ्या..."

"दोन दिवाळ्या गेल्या हे खरं. सासू रागावली होती, मीही रडली. पन तिसऱ्या वर्षी तिचा राग गेला. नंतर तर तीच विचारे, तुही बहीन आता गात नाही म्हंते, आजारी आहे का? मरेपर्यंत दोनदा विचारलं."

"अन् तू मले सांगतलं नाहीस?"

"तू विचारलं का?"

बेबीबाईनं काही तरी सणसणीत म्हणायला तोंड उघडलं. त्यातून नुसता श्वासच बाहेर आला, लांब, पोटाच्या तळापासून. मग ती ताट घेऊन बसली आणि चारजणींचं जेवली. धनीराम लांबून बघत होता. त्यानं जवळ येऊन पाण्याचा गडवा ठेवला, काठोकाठ भरलेला, आणि निघून गेला.

संध्याकाळी वऱ्हाड गेलं. स्वाती गेली. पोरगी जाते तेव्हा रडतात तसं सगळे रडले, बेबीबाईही रडली. रीतीप्रमाणे पाचव्या दिवशी पोरीला माहेरी पाठवतात. पाठवतात म्हणजे, पाठवायचं असेल तर. चार दिवस बेबीबाईनं त्याचा विषय काढला नाही. फक्त पाचव्या दिवशी सकाळपासून ती योगेंद्रच्या घरी रस्त्याकडच्या दारात बसून तांदूळ निवडत होती. तेच तांदूळ तिसऱ्यांदा.

दहाच्या सुमारास ऑटो थांबला. स्वाती उतरली, हातात पिशवी, कपाळावर कुंकू, तोंडभर हसू.

"पाठवलं?" बेबीबाईनं विचारलं.

"हाव नं, आत्या."

"किती दिवस?"

"सासूबाईंनं म्हटलं, मन भरेपर्यंत राहाजो."

बेबीबाईनं तांदळाचं सूप तिच्या हातात दिलं, आत गेली, चटईवर आडवी झाली आणि भर दिवसा, घरात एवढा कल्ला चाललेला असताना, चार वाजेपर्यंत गाढ झोपली. मधे रुखमिणी दोनदा हाक मारून गेली, तरी उठली नाही.